अंध वाचक आणि पुस्तकाची निवड

ग्रंथालयांच्या इतिहासांत पुस्तकांची गणना होते, कपाटांची होते, वर्गणीदारांचीहि होते. परंतु जो मनुष्य ग्रंथालयाच्या दारापर्यंत येऊनहि आंतील एकहि पान वाचूं शकत नाहीं, त्याची गणना सहसा होत नाहीं. २०११ च्या खानेसुमारींत भारतांतील दृष्टिहीन व अधूदृष्टि माणसांची संख्या ५० लक्षांवर भरली. पक्षाघातानें किंवा अन्य व्याधीनें ज्यांच्या हातांस पुस्तक धरवत नाहीं असे लोक, आणि अक्षरें दिसत असूनहि ज्यांना त्यांची जुळणी नीट साधत नाहीं अशीं मुलें, हीं त्यांत मिळविलीं म्हणजे छापील पुस्तक ज्याच्यापुरतें मिटलेलें आहे असा एक मोठाच वाचकवर्ग डोळ्यांपुढें उभा राहतो. या वर्गाकरितां गेल्या सव्वादोनशें वर्षांत जें झालें त्याचा इतिहास दोन प्रश्नांभोंवतीं फिरतो. पुस्तक त्याच्यापर्यंत पोंचवावें कसें, हा पहिला प्रश्न. आणि कोणतें पुस्तक पोंचवावें हें कोणीं ठरवावें, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर लिपीनें आणि यंत्रांनीं बरेंचसें दिलें. दुसरा प्रश्न मात्र फार उशिरां विचारला गेला, आणि खरें वाचनस्वातंत्र्य त्याच्याच उत्तरांत आहे.

कानांनीं वाचण्याची संवय महाराष्ट्रास नवी नाहीं. मुद्रणकला येण्यापूर्वीं आणि नंतरहि बराच काळ पोथी एकानें वाचावी व दहांनीं ऐकावी, हीच आपल्याकडील वाचनाची रीत होती. ज्यानें आयुष्यांत एकहि अक्षर गिरविलें नाहीं अशा शेतकऱ्यास शेंकडों ओव्या मुखोद्गत असत, त्या कानांच्याच वाटेनें आलेल्या. अशा समाजांत अंध मनुष्य विद्येपासून अगदींच दूर नव्हता. विदर्भांतील प्रज्ञाचक्षु गुलाबराव महाराज यांचें उदाहरण या दृष्टीनें मननीय आहे. त्यांचा जन्म १८८१ चा. तान्हेपणींच त्यांची दृष्टि गेली. तरीहि इतरांकडून ग्रंथ वाचवून घेऊन त्यांनीं वेदान्तापासून पाश्चात्य तत्त्वज्ञानापर्यंत अनेक विषयांचा अभ्यास केला, आणि १९१५ सालीं वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षीं देह ठेवण्यापूर्वीं शंभरांहून अधिक लहानमोठ्या ग्रंथांची रचना केली.

परंतु या उदाहरणांतच त्या रीतीची मर्यादाहि दिसून येते. गुलाबराव महाराजांपाशीं वाचून दाखविणारा शिष्यवर्ग होता. सामान्य अंधास तो कोठून मिळणार? वाचणारा थकला कीं ग्रंथ मिटला, वाचणाऱ्यास कंटाळा आला कीं प्रकरण सुटलें. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, वाचणाऱ्यासमोर जें मागण्यास संकोच वाटतो तें पुस्तक ऐकणारा कधीं मागतच नाहीं. एकान्तांत, आपल्या इच्छेनें, हवें तें पान पुन्हां उलटून वाचणें हें सुख परक्याच्या डोळ्यांनीं मिळत नाहीं.

तें सुख अंधाच्या स्वतःच्या बोटांस देण्याचा पहिला मोठा प्रयत्न पॅरिस येथें झाला. व्हालेंतें आवी या गृहस्थानें १७८५ सालीं तेथें अंध मुलांकरितां शाळा काढली आणि जाड कागदावर रोमन अक्षरांचे उठाव उमटवून पुस्तकें तयार केलीं. हेतु थोर होता. पण अक्षर डोळसांचेंच होतें. जी वळणें डोळ्यास एका दृष्टिक्षेपांत कळतात तीं बोटास चांचपून चांचपून ओळखावीं लागत. वाचन होई, पण तें पाय ओढीत चालल्यासारखें. याच शाळेंत पुढें लुई ब्रेल हा विद्यार्थी आला. तो १८०९ सालीं कूव्रे या खेड्यांत एका खोगीर करणाऱ्याच्या घरीं जन्मला, आणि वडिलांच्या हत्याराशीं खेळतांना तिसऱ्या वर्षीं डोळ्यास इजा होऊन अंध झाला होता. शार्ल बार्बिए या सेनाधिकाऱ्यानें अंधारांत वाचतां यावी म्हणून योजिलेली बारा बिंदूंची लेखनपद्धति त्याच्या हातीं पडली. बारा बिंदु एका बोटाच्या टोंकाखालीं मावत नाहींत, हें ज्याला डोळे आहेत त्यास सुचलें नसतें. ब्रेलला तें तत्काळ जाणवलें. त्यानें बिंदु सहावर आणले. दोन उभ्या रांगांत तीन तीन अशा सहा बिंदूंच्या निरनिराळ्या जुळणीनें ६३ चिन्हें होतात, आणि तीं सर्व भाषांना पुरतात. १८२४ च्या सुमारास, पंधराव्या वर्षीं, ही लिपि त्यानें सिद्ध केली आणि १८२९ सालीं ती प्रसिद्ध केली. ती विद्यार्थ्यांस मनापासून आवडली, पण चालकांस रुचली नाहीं. कारण ती डोळसांना वाचतां येत नव्हती. ब्रेल १८५२ सालीं वारला. त्याच्याच शाळेनें त्याच्या लिपीस रीतसर मान्यता दिली ती १८५४ सालीं, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं. अंधांनीं कोणतें अक्षर वाचावें हेंसुद्धां दीर्घकाळ डोळसच ठरवीत होते, असा याचा अर्थ.

अक्षराची जी गोष्ट तीच पुस्तकाची. ग्लासगो येथें जॉन ऑल्स्टन यांनीं १८४० च्या सुमारास उठावाच्या अक्षरांत संपूर्ण बायबल छापून काढलें. हें काम प्रचंड कष्टाचें, आणि त्यामागील भावनाहि शुद्ध. परंतु जेथें उठावाचीं पुस्तकें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं निघत, तेथें तीं धर्माचीं आणि नीतीचींच निघत. दात्यास वाटे कीं दुःखितास सांत्वन हवें. त्यास एखादी प्रवासकथा, विनोद किंवा चोरापोलिसांची गोष्ट हवी असेल, ही कल्पना दात्याच्या मनास शिवत नसे.

मुंबईंत अंधशिक्षणाचा आरंभ विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर झाला. अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनीं १९०० सालीं अंध मुलांची शाळा सुरू केली. तीच पुढें दादरची अंधशाळा म्हणून प्रसिद्धीस आली. १९०२ सालीं व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली. तिच्याशीं डॉ. नीलकंठराय छत्रपति यांचें नांव निगडित आहे. ते स्वतः अंध असून देशी भाषांसाठीं ब्रेलचा एक मेळ त्यांनीं बसविला होता. पुण्याची अंधशाळा १९३४ सालची. या शाळांनीं मुलांस बोटांनीं वाचण्यास शिकविलें. परंतु शाळा सुटल्यावर वाचावें काय, हा प्रश्न तसाच राहिला. त्या काळीं आपल्या देशांत ब्रेलचा एकच मेळ नव्हता. निरनिराळ्या शाळा निरनिराळ्या पद्धति चालवीत, आणि एका मेळांत शिकलेल्यास दुसऱ्या मेळांतील पुस्तक म्हणजे परभाषाच. आधींच मूठभर असलेलीं पुस्तकें यामुळें आणखी वांटलीं गेलीं.

हा घोळ मिटला तो स्वातंत्र्यानंतर. १९५१ सालीं सर्व भारतीय भाषांसाठीं ‘भारती ब्रेल’ ही एकच पद्धति मान्य झाली. तिची रचना उच्चारावर आहे. मराठी ‘क’ आणि इंग्रजी ‘के’ यांना एकच चिन्ह. ‘अ’ साठीं अवघा एक बिंदु. छापील मराठींत ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनाच्या आधीं येते आणि उच्चार मात्र नंतर होतो. ब्रेलमध्यें आधीं व्यंजन व मग इकार, जसा बोलावा तसाच. जोडाक्षर आलें तर अर्ध्या अक्षराच्या आधीं एक स्वतंत्र बिंदु येतो आणि वाचणाऱ्या बोटास पूर्वसूचना मिळते. याच वर्षीं डेहराडून येथें मध्यवर्ती ब्रेल छापखाना सुरू झाला, आणि १९६३ सालीं तेथेंच अंधांसाठीं राष्ट्रीय ग्रंथालय स्थापन झालें. मुंबईंत राष्ट्रीय अंध संघटना, जी ‘नॅब’ या नांवानें सर्वतोमुखीं आहे, ती १९५२ सालची.

छापखान्यानें काय फरक पडला हें पेण तालुक्यांतील जोहे गांवच्या कारागिरास लवकर समजेल. जोहे, हमरापूर, कळवें या गांवांत गणपतीच्या मूर्ती घडविण्याचा धंदा घरोघर चालतो. एक मूर्ति हातानें घडविणें आणि साचा करून तिच्यासारख्या शेंकडों काढणें यांतील अंतर तेथें लहान मुलासहि ठाऊक असतें. हातानें ब्रेल लिहिणारा मनुष्य पाटींत जाड कागद अडकवून टोकदार टोच्यानें एकेक बिंदु टोंचतो. आणि उठाव कागदाच्या पाठीवर येत असल्यानें त्यास सारा मजकूर उजवीकडून डावीकडे, उलटा लिहावा लागतो. एक कादंबरी उतरावयास महिनेच्या महिने जात, आणि एवढें करून प्रत एकच होई. छापखान्यांत तोच मजकूर जस्ताच्या पत्र्यावर ठोकला कीं पत्रा हाच साचा होतो, आणि हव्या तितक्या प्रती दाबून काढतां येतात.

तथापि साच्यालाहि स्वतःचा न्याय असतो. साचा महाग, म्हणून ज्यास मागणी पुष्कळ त्याचाच साचा करावयाचा. शाळेंतील मुलांची निकड मोठी. तेव्हां पाठ्यपुस्तकें अग्रभागीं आणि ललित वाङ्मय मागें, असा क्रम ठरून गेला. शिवाय ब्रेलच्या ग्रंथाचा विस्तार फार. हातांत सहज मावणारी एखादी कादंबरी ब्रेलमध्यें चार-पांच जाडजूड खंड होऊन येते. ते खंड एकावर एक रचून दाबतां येत नाहींत, कारण बिंदु चेपले कीं अक्षर पुसलें. पोस्टखात्यानें अंधांच्या वाङ्मयास टपालहंशिलांतून सूट दिली ही मोठीच सोय झाली. पण लहान ग्रंथालयास असे ग्रंथ ठेवावयास जागाच नसे.

दुसरी वाट पुन्हां कानांचीच निघाली. पहिल्या महायुद्धांत दृष्टि गमावलेल्या सैनिकांची व्यवस्था इंग्लंडांत सेंट डन्स्टन या संस्थेनें केली होती. हे प्रौढ पुरुष. त्यांतील कित्येकांस बोटांचें वाचन जमेना. त्यांच्यासारख्यांकरितां १९३५ सालीं तेथें बोलक्या पुस्तकांची योजना सुरू झाली. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर सुमारें २५ मिनिटांचा मजकूर मावे, आणि एका कादंबरीस दहाएक तबकड्या लागत. पहिल्या पुस्तकांत ॲगाथा ख्रिस्तीची एक खुनाची रहस्यकथा आणि जोसेफ कॉनरॅडची एक सागरकथा होती. ग्लासगोच्या बायबलपासून या खुनाच्या गोष्टीपर्यंतचें अंतर सुमारें पंचाण्णव वर्षांचें आहे. आणि या विषयाच्या इतिहासांतील सर्वांत लांबचा पल्ला हाच होय. अंध वाचक हा प्रथम वाचक आहे आणि मग अंध आहे, हें त्या निवडींत मान्य झालें.

अमेरिकेंत हा मुद्दा न्यायालयापर्यंत गेला. तेथील राष्ट्रीय ग्रंथालय अंधांसाठीं सरकारी खर्चानें नियतकालिकांच्या ब्रेल आवृत्त्या काढी. त्यांत ‘प्लेबॉय’ या वादग्रस्त मासिकांतील मजकूराचीहि आवृत्ति होती. चित्रें अर्थातच नव्हतीं. १९८५ सालीं विधिमंडळानें नेमकी तेवढीच रक्कम कापली आणि आवृत्ति बंद पडली. अंधांच्या संघटनेनें दावा लावला, आणि १९८६ सालीं न्यायालयानें ती बंदी घटनाविरोधी ठरविली. तें मासिक चांगलें कीं वाईट हा वाद निराळा. डोळस नागरिकास जें वाचण्याची मुभा आहे तें अंध नागरिकापुरतें दुसऱ्यानें झांकून ठेवूं नये, एवढेंच त्या निकालाचें तात्पर्य.

आपल्याकडे फीत आणि कॅसेट यांचा काळ आला तेव्हां शेंकडों स्वयंसेवकांनीं फावल्या वेळांत पुस्तकें वाचून ध्वनिमुद्रित केलीं, आणि त्या फिती टपालानें गांवोगांव फिरल्या. पण फितींत पान उलटतां येत नाहीं. दहावें प्रकरण हवें तर आधींचीं नऊ गुंडाळावीं लागत. पुढें संगणकावरील ‘डेझी’ पद्धतीनें प्रकरणास, पानास, अगदीं वाक्यासहि खूण करण्याची सोय झाली आणि ही अडचण संपली. कायद्याची अडचण मात्र होतीच. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यांत अंधांसाठीं पुस्तकाचें रूपान्तर करण्याची सवलत नव्हती. प्रत्येक पुस्तकास लेखकाची वा प्रकाशकाची परवानगी मागावी लागे. उत्तर न आलें कीं काम खोळंबे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयांतील दृष्टिहीनांचें केंद्र, जें २००३ सालीं निघालें, आणि देशांतील इतर संस्था यांनीं या बाबतींत सतत चळवळ केली. २०१२ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन ही सवलत मिळाली. आणि ती अंधांपुरतीच न ठेवतां, कोणत्याहि अपंगत्वामुळें ज्यास छापील पुस्तक वाचतां येत नाहीं त्या सर्वांस दिली. २०१३ सालीं मोरोक्कोंतील माराकेश शहरीं याच हेतूचा आंतरराष्ट्रीय तह झाला, आणि २०१४ च्या जूनमध्यें त्यास कायम मंजुरी देणारें पहिलें राष्ट्र भारत ठरलें. तहाचा अंमल ३० सप्टेंबर २०१६ पासून सुरू झाला. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्यें ‘सुगम्य पुस्तकालय’ हें संगणकीय ग्रंथालय उघडलें. निरनिराळ्या संस्थांनीं तयार केलेलीं पुस्तकें त्यांत एकत्र आलीं आणि नोंदणी केलेल्या वाचकास तीं घरबसल्या मिळूं लागलीं.

मराठीपुरती एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. मराठी पुस्तकांची जुळणी संगणकावर होऊं लागली तेव्हां ती बहुधा अशा टाइपांत झाली कीं, पडद्यावर अक्षर देवनागरी दिसे, पण यंत्राच्या लेखीं तें भलतेंच चिन्ह असे. युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तींत, म्हणजे १९९१ सालीं, देवनागरीस स्थान मिळालें होतें. परंतु जुना टाइप लवकर सुटला नाहीं. अशा मजकुरास वाचक-यंत्र लावलें तर निरर्थक ध्वनि ऐकूं येतात. प्रकाशकानें युनिकोडमध्यें जुळणी केली कीं तेंच पुस्तक बोटांसाठीं ब्रेल, कानांसाठीं आवाज आणि अधू डोळ्यांसाठीं मोठा टाइप, असें तिन्ही रूपांनीं निघूं शकतें. हें दान नव्हे. ही जुळणीच्या वेळची सावधगिरी आहे, आणि तिला वेगळा खर्चहि फारसा येत नाहीं.

मराठींतील आणखी एक पाऊल उल्लेखनीय आहे. १५ फेब्रुवारी २००८ रोजीं स्वागत थोरात यांनीं ‘स्पर्शज्ञान’ हें ब्रेल पाक्षिक सुरू केलें. ग्रंथ हा जुना झाला तरी वाचतां येतो. बातमी शिळी झाली कीं संपली. म्हणून ताजें वर्तमान अंधाच्या बोटांखालीं आणणें याचें महत्त्व विशेष. चारचौघांत बोलतांना ज्यास आपलें मत आपल्या वाचनावर बांधतां येतें, तो दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबून राहत नाहीं.

आतां शिफारशीचा प्रश्न. ग्रंथपालानें अशा वाचकास काय सुचवावें? पहिली गोष्ट ही कीं, पुस्तकाचें नांव सुचविण्यापूर्वीं वाटेची चौकशी करावी. जन्मापासून अंध असलेल्यास व शाळेंत शिकलेल्यास ब्रेल जवळचें. उतारवयांत दृष्टि गेलेल्यास तें बहुधा साधत नाहीं, त्यास आवाज हवा. ज्यास थोडें दिसतें त्यास मोठा टाइप, आणि अक्षरें जुळविण्यांत अडखळणाऱ्या मुलास पुस्तक समोर ठेवून तेंच ऐकण्याची सोय. जेथें शुद्धलेखन, वृत्त वा शास्त्रीय चिन्हें महत्त्वाचीं, तेथें शक्य तोंवर ब्रेल; कारण कानास शब्द कळतो, त्याची घडण कळत नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, मराठींत ऐकण्यासाठींच जन्मलेले ग्रंथ आहेत, त्यांनीं आरंभ करणें सोयीचें. विनोबा भावे हे पेण तालुक्यांतील गागोद्याचे. त्यांचीं ‘गीता-प्रवचनें’ १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत बोललीं गेलीं आणि साने गुरुजींनीं तीं टिपून घेतलीं. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या पुस्तकांत प्रकरणांच्या ऐवजीं रात्री आहेत. एकेका रात्रीं एकेक गोष्ट सांगितली जाते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’ची भाषा तर ओटीवर बसून बोलल्यासारखी आहे. हीं पुस्तकें कानांस परकीं वाटत नाहींत.

परंतु तिसरी गोष्ट या दोहोंहून वरची आहे. शिफारस ही आज्ञा होऊं नये. ज्यास ‘गीता-प्रवचनें’ नकोत आणि बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथाच हवी, त्यास ती बिनतक्रार मिळाली पाहिजे. डोळस वाचक ग्रंथालयांत शिरतो तेव्हां कपाटापुढें उभा राहून दहा पुस्तकें काढतो, चाळतो, नऊ परत ठेवतो. त्यास कोणी कारण विचारीत नाहीं. ही परत ठेवण्याची मोकळीक अंध वाचकास आजवर क्वचितच मिळाली. जें मिळेल तें घ्यावें आणि आभार मानावे, हाच त्याचा वाचनाचार होता. संपूर्ण यादी त्याच्या कानांवर घालावी, चार पुस्तकांचीं पहिलीं पानें ऐकवावीं, आणि निवड त्याची त्यास करूं द्यावी.

महाराष्ट्रांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालीं झाला, आणि त्यानंतर गांवोगांवच्या वाचनालयांस सरकारी अनुदानाचा आधार मिळाला. अशा वाचनालयाच्या आवांक्यांतील हें काम आहे. त्यासाठीं ब्रेलचीं कपाटें भरावयास नकोत. गांवांत छापील अक्षर कोणास वाचतां येत नाहीं याची एक वही, ‘सुगम्य पुस्तकालया’ची नोंदणी करून देणारा एक माहीतगार कारकून, आणि पुस्तक उतरवून ऐकविणारा एक साधा भ्रमणध्वनि, एवढी सामुग्री पुरे. जोहे गांवीं गणपतीचे डोळे रेखण्याचें काम सर्वांत कसबाचें मानतात, आणि तें बारीक काम करणाऱ्याचे स्वतःचे डोळे वयोमानानें मंदावल्यावांचून राहत नाहींत. असा एखादा वृद्ध कारागीर वाचनालयाच्या पायरीवर आला, तर त्यास ‘आपल्यासाठीं येथें कांहीं नाहीं’ असें सांगण्याचे दिवस कायद्यानें आणि यंत्रानें संपविले आहेत. त्यास आपुलकीनें आंत घेऊन, काय वाचावयाचें आहे तें विचारणें तेवढें वाचनालयाकडे उरलें आहे.